चिलटांची मोजदाद

उन्हाळ्याची सुटी ही विश्रांतीसाठीं असते, असा आपल्या कुटुंबांतून सर्वमान्य समज आहे. परीक्षा संपली कीं आजोळीं जावें, आंब्याच्या अढीवर नजर ठेवावी, दुपारीं पत्ते कुटावे आणि निकालाची चिंता वडील मंडळींवर सोपवावी, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. अलीकडे मात्र विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना या सुटीचा निराळाच उपयोग सुचूं लागला आहे. बंगळूर, दिल्ली व प्रयागराज येथील तीन विज्ञान-अकादमी मिळून कॉलेजांतील मुलांमुलींना दोन महिन्यांची उन्हाळी शिष्यवृत्ति देत आल्या आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेसारख्या संस्थाहि त्यांना आपल्या प्रयोगशाळांतून उमेदवारी करूं देतात. आषाढांत हीं मुलें घरीं परततात, तेव्हां त्यांना एकच प्रश्न विचारला जातो: ‘मग, शोध काय लावलास?’

आम्हांसहि तो विचारला गेला होता. पदवीच्या दुसऱ्या वर्षानंतरचा उन्हाळा आम्ही पुण्याच्या एका जीवशास्त्रीय प्रयोगशाळेंत घालविला. काम काय, तर चिलटें मोजणें. हें ऐकतांच आमच्या मातोश्री म्हणाल्या, “अरे, तीं तर आपल्या फळीवरच्या केळ्यांवरहि घोंगावताहेत, त्यासाठीं पुण्यास कशाला जायला हवें?” प्रश्न बिनतोड होता. पण केळ्यावरचें हेंच क्षुद्र चिलट शंभर वर्षांहून अधिक काळ आनुवंशशास्त्राचें दैवत होऊन बसलें आहे. पंचवीस अंश उष्णतेंत अंड्यापासून पंखांपर्यंत त्याचा संसार दहा दिवसांत उभा राहतो, आणि एक मादी शेंकडों अंडीं घालते. जी वंशावळ माणसांत पाहावयास शतक लागेल, ती येथें महिन्याभरांत पाहतां येते.

पहिला आठवडा आम्हीं स्वयंपाक केला. मक्याचें पीठ, साखर, यीस्ट व अगर यांची खळ शिजवून बाटल्यांत ओतणें, आणि जुन्या बाटल्या घासून धुणें, हीच आमची विज्ञानसेवा. तिघां उमेदवारांत एकजण यास फार कंटाळला. तेव्हां आमच्या मार्गदर्शक बाईंनीं त्यास कॅल्व्हिन ब्रिजेसची गोष्ट सांगितली. कोलंबिया विद्यापीठांत टॉमस मॉर्गन यांची चिलटांची खोली होती. सोळा फूट रुंद, तेवीस फूट लांब, आणि तींत आठ मेजें दाटीनें बसविलेलीं. तेथें बाटल्या धुण्यास ठेवलेल्या या विद्यार्थ्याला जाड कांचेंतून एका चिलटाचे डोळे इतरांहून निराळ्या लाल रंगाचे दिसले, आणि बाटल्या धुणारा संशोधक झाला. त्याच खोलींतील आल्फ्रेड स्टर्टेवंट यानें १९११ सालीं, पदवीहि हातीं आली नसतांना, कॉलेजचा अभ्यास बाजूस सारून एका रात्रींत गुणसूत्राचा पहिला नकाशा काढला. तो १९१३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यावर अवघे सहा गुण मांडलेले होते. पण त्या एका रात्रीच्या मागें हजारों चिलटांची मोजदाद उभी होती, आणि ती करणारे हात अनेकांचे होते. मॉर्गनना १९३३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, तेव्हां त्यांतील द्रव्याचा वांटा त्यांनीं आपल्या मुलांप्रमाणेंच या दोघांच्या मुलांनाहि दिला.

यानंतर बाटल्यांविषयींची तक्रार थांबली. विवाह जुळविण्याचें काम सुरू झालें. कोशांतून नुकतीच बाहेर पडलेली मादी पहिले सुमारें आठ तास नराचा स्वीकार करीत नाहीं. तेवढ्या अवधींत तिला वेगळी काढावी लागते. म्हणून पहांटे एक फेरी, रात्रीं एक फेरी. त्याच आठवड्यांत आमच्या मावसबहिणीचें लग्न होतें. त्या एका विवाहास मुकून आम्ही चाळीस विवाह लावीत बसलों! आणि ते सर्व एका रात्रींत निष्फळ झाले. वैशाखांतली वीज गेली, शीतपेटी तापली, आणि तीस अंशांच्या वर उष्णता चढली कीं चिलटांचे नर वांझ होतात, हें पुस्तकांतलें वाक्य आम्हांस रिकाम्या बाटल्यांच्या रूपानें समजलें. बारा दिवस वायां गेले होते.

पुन्हां आरंभ केला. खुरट्या पंखांच्या चिलटांचा संकर धडधाकट पंखांच्या चिलटांशीं करावयाचा. पहिल्या पिढींत सर्व धडधाकट निघतात, दुसरींत तिनास एक या प्रमाणांत खुरटे परततात. हा मेंडेलचा नियम शाळकरी मुलासहि पाठ असतो. आम्हीं ६१८ चिलटें मोजलीं. खुरटीं दीडशेंच्या वर निघावयास हवीं होतीं, निघालीं १२१. केवळ योगायोगानें इतका फरक पडण्याचा संभव शंभरांत एकाहूनहि कमी.

आमच्या सहाध्यायानें सुचविलें, “दोन बाटल्यांत फारच गर्दी झाली होती. त्या वगळल्या, तर आंकडा जमतो.” सूचना मोठी सोयीची होती, आणि तिच्यांत खोटें असें कांहींच नव्हतें, गर्दी खरोखरच झाली होती. बाई रागावल्या नाहींत. त्यांनीं मेंडेलचे वाटाणे काढले: ५४७४ गोल, १८५० सुरकुतलेले. पुढें १९३६ सालीं रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञानें दाखविलें, कीं मेंडेलचे एकूण आंकडे नियमाशीं जरा अधिकच जमतात. आणि त्या शंकेचा वाद पुढें कित्येक दशकें चालला. “बाटली वगळायची, तर मोजण्यापूर्वीं वगळा,” बाई म्हणाल्या. “मोजल्यावर वगळाल, तर प्रश्न चिलटांना विचारलात आणि उत्तर स्वतःच दिलेंत, असें होईल. गर्दीचा संशय आहे ना? मग गर्दीलाच विचारा.”

वहींत १२१ हाच आंकडा राहिला. उरलेल्या बारा दिवसांत आम्हीं प्रत्येक बाटलींत थोड्याच जोड्या सोडल्या व अन्न भरपूर घातलें. या वेळीं २३६ पैकीं ५७ खुरटीं निघालीं. म्हणजे जवळ जवळ चौथा हिस्सा. मेंडेलचा नियम मोडला नव्हता; गर्दींत दुबळीं अर्भकें मागें पडून मरत होतीं, आणि मेलेलीं मोजदादींत येत नव्हतीं. ही गोष्ट शास्त्राला मॉर्गनच्या काळापासून ठाऊक आहे. तींत नवें असें कांहींच नव्हतें. पण जर आम्हीं त्या दोन बाटल्या गुपचूप वगळल्या असत्या, तर ती आम्हांस मात्र कधींच कळली नसती.

तेव्हां ‘शोध काय लावलास?’ या प्रश्नास आम्हीं घरीं ‘कांहीं नाहीं’ असेंच उत्तर दिलें, आणि तें अक्षरशः खरें होतें. दोन महिन्यांत शोध लागत नाहींत, स्टर्टेवंटासारखा एकादाच. मात्र परीक्षेच्या अभ्यासांत उत्तर आधीं ठरलेलें असतें, आणि विद्यार्थ्यानें तेथवर पोहोंचावयाचें असतें; त्या वळणाची बुद्धि सहजच आंकड्याला उत्तराकडे ओढूं लागते. ही ओढ ओळखण्याची संधि कॉलेजच्या तासांत क्वचितच मिळते. म्हणून ज्यांच्या घरचीं मुलें या उन्हाळ्यांत अशा कामास गेलीं असतील, त्यांना आमची एक विनंती आहे. मूल परत आलें, म्हणजे शोधाची चौकशी खुशाल करावी. पण त्याबरोबर त्याची वहीहि पाहावयास मागावी, आणि न जमलेला आंकडा तींत कोठें आहे, तें दाखविण्यास सांगावें. तो ज्या मुलास चटकन्‌ दाखवितां येईल, त्याचा उन्हाळा वायां गेला नाहीं, असें खुशाल समजावें.