शेजाऱ्यांनी दार ठोठावलं तेव्हा

गांबियात मतदाराच्या हाती मतपत्रिका देत नाहीत, काचेची गोटी देतात. आडोशाला प्रत्येक उमेदवाराच्या रंगाचा एकेक पत्र्याचा पिंप असतो, त्यावर त्याचा फोटो आणि निशाणी. वरच्या नळीतून गोटी सोडली की ती आतल्या घंटेवर आपटते आणि टण्ण आवाज येतो. बाहेर बसलेले अधिकारी आणि पक्षांची माणसं कान देऊन असतात. एकदा वाजलं तर एक मत. दुसऱ्यांदा वाजलं तर काहीतरी काळंबेरं आहे. पडलेल्या गोट्या पुन्हा वाजू नयेत म्हणून पिंपाच्या तळाशी वाळू किंवा लाकडाचा भुसा घालतात. मतदानाच्या दिवशी केंद्राजवळ सायकली आणू देत नाहीत, कारण सायकलची घंटीही तशीच वाजते. मोजणीला दोनशे किंवा पाचशे भोकांचे ट्रे असतात. भोकात गोट्या बसवल्या की हिशेब साऱ्यांना डोळ्यांनी दिसतो.

बहुसंख्य मतदारांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्या साठच्या दशकात ही पद्धत तिथे रुजली. २०१६ साली तिच्यात एक भर पडली. मोजणी त्या त्या केंद्रावरच, सर्व पक्षांच्या प्रतिनिधींसमोर होऊ लागली. आफ्रिकेतल्या निवडणुकांचा अभ्यास करणारी म्हणून मला या भरीचं मोल फार मोठं वाटतं. निकाल गावोगाव आधीच माहीत झाला, की राजधानीत बसून तो बदलणं अवघड होतं. पुढे परदेशांनी जो दबाव आणला, त्याला पाय टेकायला जमीन मिळाली ती इथे.

याह्या जामेने २२ जुलै १९९४ रोजी लष्करी उठाव करून सत्ता घेतली होती. बावीस वर्षांत त्याने चार निवडणुका जिंकल्या, पत्रकार आणि विरोधक तुरुंगात टाकले, कित्येक माणसं नाहीशी झाली. एड्स आपण जडीबुटीने बरा करतो असं त्याने जाहीर केलं आणि रुग्णांना नेहमीची औषधं सोडायला लावली. एप्रिल २०१६मध्ये निवडणूक सुधारणांसाठी मोर्चा काढणारे सोलो सांडेंग कोठडीत मारले गेले. त्यांच्या पक्षाचे नेतेही आत गेले. मग विरोधकांनी एकत्र येऊन अडामा बॅरो या फारशा परिचित नसलेल्या, जमीनजुमल्याचा व्यवसाय करणाऱ्या गृहस्थांना उभं केलं.

१ डिसेंबर २०१६ला मतदान झालं आणि बॅरो निवडून आले. दुसऱ्या दिवशी जामेने टीव्हीवर हार मान्य केली, बॅरोंना फोन करून शुभेच्छा दिल्या. लोक रस्त्यांवर नाचले. निवडणूक आयोगाने नंतर बेरजेतली एक चूक दुरुस्त केली तेव्हा बॅरोंची आघाडी घटून सुमारे १९ हजारांवर आली, पण निकाल तोच राहिला. जामेला तेवढं निमित्त पुरलं. ९ डिसेंबरला तो पुन्हा टीव्हीवर आला आणि निवडणूकच आपल्याला अमान्य असल्याचं त्याने सांगितलं.

पाश्चात्त्य देशांनी जामेवर दबाव आणला नव्हता असं नाही. युरोपीय संघाने २०१४ साली मदत रोखली होती, अमेरिकेने व्यापारी सवलती काढून घेतल्या होत्या. जामेने त्याआधीच, २०१३ साली, राष्ट्रकुलातून अंग काढून घेतलं होतं. निषेधाचं प्रत्येक पत्रक तो घरी वसाहतवादाविरुद्धच्या भाषणात वापरायचा, आणि ती भाषणं खपायची. ज्या साम्राज्यांनी इथली माणसं गुलाम म्हणून जहाजांत कोंबली, त्यांनी आम्हाला लोकशाही शिकवू नये, हा युक्तिवाद हुकूमशहाच्या तोंडी असला तरी ऐकणाऱ्याच्या मनातल्या जखमेला हात घालतो. तो उडवून लावणारे अभ्यासक मला पटत नाहीत.

डिसेंबरात मात्र दार ठोठावलं ते शेजाऱ्यांनी. पश्चिम आफ्रिकेतल्या तेव्हा पंधरा देश असलेल्या 'एकोवास' या संघटनेने १३ डिसेंबरला चार नेते गांबियाची राजधानी बांजुलला पाठवले: लायबेरियाच्या एलेन जॉन्सन सरलीफ, नायजेरियाचे मुहम्मदू बुहारी, सिएरा लिओनचे अर्नेस्ट बाई कोरोमा आणि घानाचे जॉन महामा. त्याच दिवशी सैनिकांनी निवडणूक आयोगाची कचेरी ताब्यात घेतली होती.

या चौघांकडे नीट बघायला हवं. बुहारी तीनदा हरले आणि २०१५ साली सत्तेवरच्या अध्यक्षाला हरवून आले. हरलेल्या गुडलक जोनाथन यांनी अंतिम निकालाची वाट न बघता त्यांना फोन करून अभिनंदन केलं होतं. सरलीफ दुसऱ्या कार्यकाळाच्या शेवटी पायउतार होणार होत्या. आणि महामा? ते ७ डिसेंबरची निवडणूक हरले होते आणि त्यांनी पराभव मान्य केला तो नेमका ९ डिसेंबरला, जामेने शब्द फिरवला त्याच दिवशी. हरलेला अध्यक्ष दुसऱ्या हरलेल्या अध्यक्षासमोर बसून 'आता जा' म्हणतो, तेव्हा वसाहतवादाचं भाषण कुणाला ऐकवणार?

जामेने न्यायालयाची वाट धरली, पण सर्वोच्च न्यायालयात निवाडा द्यायला पुरेसे न्यायाधीशच उरले नव्हते. संसदेने त्याला नव्वद दिवसांची मुदतवाढ दिली. आफ्रिकी संघाने १९ जानेवारीनंतर जामेला अध्यक्ष मानणार नाही असं जाहीर केलं. गांबिया म्हणजे नदीच्या दोन्ही काठांनी गेलेली जमिनीची चिंचोळी पट्टी, तिन्ही बाजूंनी सेनेगल. तिथल्या सीमेवर सैन्य गोळा होऊ लागलं. सुमारे ४५ हजार माणसं बोचकी घेऊन सेनेगलमध्ये गेली. परदेशी पर्यटकांना विमानांनी घाईघाईने परत नेलं, आणि त्यांच्यावर पोट असलेल्या हॉटेलांतल्या नोकरांचा हंगाम बुडाला. बाहेरच्या दबावाची किंमत पहिल्यांदा अशा माणसांच्या खिशातून जाते, हे त्या दबावाचे समर्थक फार क्वचित बोलतात. मीही समर्थकच आहे, म्हणून लिहिते.

१९ जानेवारी २०१७ रोजी बॅरोंनी सेनेगलची राजधानी डाकार इथल्या गांबियाच्या वकिलातीत शपथ घेतली. त्याच दिवशी सुरक्षा परिषदेने एकमताने ठराव २३३७ संमत केला. त्यात एकोवासला पाठिंबा होता, पण आधी राजकीय मार्ग चोखाळा असं म्हटलं होतं. बळ वापरायची स्पष्ट परवानगी त्यात नव्हती. सेनेगलच्या सैन्याने सीमा ओलांडली ती मुख्यतः नव्या अध्यक्षांच्या विनंतीच्या आधारावर. कायदेपंडित यावर आजही वाद घालतात. मला तो आधार पुरेसा वाटतो, कारण विनंती करणाऱ्याला लोकांनी निवडलं होतं आणि मोजणी सर्वांसमक्ष झाली होती. गांबियाच्या सैन्याने लढायचं टाळलं. गिनी आणि मॉरिटानियाच्या अध्यक्षांनी शेवटची बोलणी केली आणि २१ जानेवारीच्या रात्री जामे विमानात बसला.

त्याच वर्षी, त्याच खंडात, गॅबनमध्ये काय झालं? ऑगस्ट २०१६च्या निवडणुकीत अली बाँगो सहा हजारांहून कमी मतांनी जिंकल्याचं जाहीर झालं. त्यांच्या बालेकिल्ल्याच्या प्रांतात मतदान ९९ टक्क्यांच्या वर दाखवलं होतं, त्यातली सुमारे ९५ टक्के मतं त्यांना. युरोपीय निरीक्षकांनी संशय व्यक्त केला, राजधानीत संसद पेटली, माणसं मेली. बाँगो खुर्चीवर राहिले. शेजारी कॅमेरूनमध्ये पॉल बिया १९८२पासून, इक्वेटोरियल गिनीत ओबियांग १९७९पासून. यांतला कोण कुणाकडे जाऊन काय सांगणार होता? गॅबनचं तेल आणि फ्रान्सचे हितसंबंध ही कारणं खरीच आहेत, पण माझ्या मते मुख्य कारण शेजार हेच.

म्हणूनच एकोवासची पुढची वाटचाल बघताना जीव तुटतो. मे २०१५मध्ये तिथे प्रस्ताव आला होता की कोणत्याही सदस्यदेशात अध्यक्षाने दोनच कार्यकाळ करावेत. गांबिया आणि टोगोने विरोध केला, प्रस्ताव बारगळला. जामेला निरोप देणारे गिनीचे अल्फा कॉन्डे २०२० साली घटना बदलून तिसऱ्यांदा उभे राहिले आणि संघटना गप्प बसली. वर्षभरात लष्कराने त्यांना उचललं. जुलै २०२३मध्ये नायजरच्या निवडून आलेल्या अध्यक्षांना सैनिकांनी कोंडलं, तेव्हा एकोवासने आठवड्याची मुदत देऊन सैन्य धाडायची धमकी दिली. आठवडा उलटला, कुणी गेलं नाही. निर्बंधांनी मात्र सामान्यांच्या घरातली वीज गेली, बाजारातले भाव चढले. जानेवारी २०२५मध्ये माली, बुर्किना फासो आणि नायजर संघटनेतून बाहेर पडले. नायजर गांबियाहून कितीतरी मोठा, त्याचं सैन्य कसलेलं, हे खरं. पण ज्यांनी घटना वाकवणाऱ्यांना पाठीशी घातलं होतं, त्यांच्या धमकीवर नायजरच्या राजधानीतल्या, नियामीतल्या बाजारातल्या माणसानेही विश्वास ठेवला नाही.

गांबियात बॅरोंनी तीन वर्षांत पायउतार होण्याचं वचन पाळलं नाही, आणि कार्यकाळाची मर्यादा घालणारा घटनेचा मसुदा २०२० साली संसदेतच पडला. तरी तिथे आज वर्तमानपत्रं भांडतात आणि जामेच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्यशोधन आयोगाच्या सुनावण्या घरोघर थेट ऐकल्या गेल्या. जामेच्या मारेकऱ्यांनी भर चौकशीत, कुणाला कुठे मारलं ते सांगितलं.

जामे मात्र ओबियांग यांच्या आश्रयाला इक्वेटोरियल गिनीत आहे. जाताना एकोवास, आफ्रिकी संघ आणि संयुक्त राष्ट्रांनी सन्मानाने जाऊ देण्याची हमी दिली होती. रक्तपात टळला म्हणून तेव्हा मला ती योग्य वाटली, आजही वाटते. पण डिसेंबर २००४मध्ये गोळ्या घालून मारलेल्या डेडा हायडारा या संपादकांचे घरचे अजून जामेवरच्या खटल्याची वाट पाहत आहेत. डिसेंबर २०२४मध्ये एकोवासने गांबियासाठी विशेष न्यायाधिकरण मंजूर केलं आहे. आरोपीला तिथे हजर करायचं तर ओबियांगना तयार करावं लागेल, आणि त्यांचा देश एकोवासचा सदस्य नाही.