तेलाचा ट्रे

बाबांची सगळी नोकरी सांताक्रूझच्या हँगरमध्ये, विमानांच्या इंजिनांखाली गेली. २०१२ मध्ये ते पहिल्यांदा आमच्याकडे, ऑरेगॉनमधल्या हिल्सबरोला आले, तेव्हा समुद्र, धबधबे सगळं मागे ठेवून मी त्यांना आधी मॅकमिनव्हिलच्या एव्हरग्रीन विमान संग्रहालयात नेलं. गाडीने तासाभराचा रस्ता.

लोक तिथे येतात ते हॉवर्ड ह्यूजचं ‘स्प्रूस गूज’ बघायला. ३२० फुटांचे पंख, आठ इंजिनं आणि अंग सगळं लाकडाचं. बाबांनी ते डोळे भरून पाहिलं, पण रेंगाळले ते बी-१७ बॉम्बरपाशी. त्याच्या एका इंजिनाखाली पत्र्याचा ट्रे होता आणि त्यात काळं तेल साचलेलं. गुडघे दुखत असूनही बाबा खाली वाकले.

“रेडियल इंजिन आहे गं. बंद असलं की तेल खालच्या सिलिंडरांत उतरतं आणि ठिबकतं. ठिबकत नसेल तर समजावं, आत तेलच नाही.”

मग त्या विमानांचं घर सुटायची वेळ आली. २०१३ च्या अखेरीस संग्रहालयामागची एव्हरग्रीन विमान कंपनी बुडाली. पुढच्या वर्षी तिचे संस्थापक डेल स्मिथ वारले. २०१६ च्या सुरुवातीला, आवारातली काही मालमत्ता ज्या प्रतिष्ठानच्या नावावर होती तेही दिवाळखोरीत गेलं. प्रतिष्ठानाला नाव होतं स्मिथ यांच्या मुलाचं. तो एफ-१५ चा वैमानिक, १९९५ मध्ये मोटार अपघातात गेला. मी इथली बातमी वाचायचे आणि रात्री फोनवर बाबांना सांगायचे. त्यांचा प्रश्न ठरलेला: “विमानं कुणाच्या नावावर आहेत?”

सगळं त्या एका प्रश्नावरच अडलेलं होतं, हे मला हळूहळू उमगलं. एका छताखाली उभी असली तरी ती एका मालकाची नसतात. एसआर-७१ अमेरिकी हवाई दलाचं, इथे नुसतं ठेवायला दिलेलं. त्याला देणेकरी हात लावू शकत नाहीत. पण जी कंपनीच्या बाजूची होती, त्यांना गिऱ्हाईक होतं. बी-१७ मॅसॅच्युसेट्सच्या कॉलिंग्ज फाउंडेशनकडे गेलं.

‘स्प्रूस गूज’ मात्र राहिलं. ते उडालं एकदाच, २ नोव्हेंबर १९४७ ला, पाण्यापासून सत्तरेक फुटांवर, जेमतेम मैलभर. त्यानंतर ह्यूजने मरेपर्यंत ते हँगरमध्ये जपलं. १९७६ मध्ये तो गेल्यावर विमानाचे तुकडे करून संग्रहालयांना वाटायचं घाटत होतं. कॅलिफोर्नियातल्या एका एरो क्लबने ते वाचवलं. १९८३ पासून लाँग बीचच्या घुमटात दाखवलं, तिथेही बाडबिस्तारा गुंडाळावा लागला आणि सुटे भाग करून जलमार्गाने ते ऑरेगॉनला आलं. घर सुटायची त्याला सवयच. मला त्याच्याबद्दल फार माया वाटते.

बाबा दुसऱ्यांदा आले तेव्हा बी-१७ ची जागा रिकामी होती. मी पुन्हा पुन्हा तिकडेच बघत होते. माझा राग बाबांना कळला असावा.

“विकलं म्हणजे मेलं नाही गं. सांताक्रूझला पंख गॅसने कापताना मी उभा राहून पाहिलंय. तो आवाज अजून कानात आहे. हे तर जपणाऱ्याकडे गेलं.”

त्यांना काळजी होती ती वेगळ्यांची. नामवंत विमानाला कुणीतरी वाली भेटतो, उडतं विमान विकलं जातं. पण जे ना प्रसिद्ध ना उडतं, त्याला रंग कोण देणार? पैशाची चणचण आली की पहिली कात्री रंगाला, मग छताच्या गळतीला, आणि मग माणसांना. इथे तर अर्धं वर्ष पाऊस. तिथल्या निवृत्त स्वयंसेवकांपैकी एक आजोबा हातात फडकं घेऊन विमानाचं चाक पुसत होते. बाबांना इंग्रजी बेताचंच. तरी दोघे त्या चाकाशेजारी बराच वेळ उभे होते, आणि निघताना आजोबांनी बाबांचा हात दोन्ही हातांत घेतला.

बाहेर गवतावर उभ्या असलेल्या एका विमानाशी बाबा थांबले. दरवाजाच्या रबरावर शेवाळ धरलं होतं, हिरवंगार, मऊ. त्यांनी खिशातून रुमाल काढला, बोटाला गुंडाळला आणि हात पोहोचेल तिथवरची कड पुसायला लागले. गाडीत बसायला मी दोनदा हाक मारली. “आलो,” म्हणाले, आणि पुसत राहिले.