अब्बांचा आवाज आणि सहा व्होल्ट

पोफळीच्या भूमिगत वीजघरात १९६२ साली वीज तयार होऊ लागली. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून येतं, यंत्रं फिरवतं आणि वीज तारांवरून दूर मुंबईकडे निघून जाते. आमच्या घरी मात्र टेपरेकॉर्डर सेलवर चालायचा.

अब्बा कुवेतला होते. खतापेक्षा कॅसेटच जास्त यायची. सेल उतरले की अब्बांचा आवाज जड, लांबट व्हायचा. जणू माणूस आजारी आहे. अम्मी झटकन बटण दाबून बंद करायची. सेलचा खर्च परवडत नाही हे तिनं त्यांना कधीच कळवलं नाही.

वीजघरात नोकरीला असलेल्या मामूंनी एलिमिनेटर करायला घेतला. सहा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोडचा ब्रिज. मीटर लावला तर चारच व्होल्ट!

"सहाचे चार कसे, मामू?"

त्यांनी विडीच्या बंडलाच्या कागदावर हिशेब मांडला. एसीचे सहा म्हणजे शिखर सहा गुणिले १.४१, साधारण साडेआठ. ब्रिजमधून निघणाऱ्या लाटांची सरासरी सहाच्या ०.९ पट, म्हणजे ५.४. शिवाय प्रवाह प्रत्येक वेळी दोन डायोडांतून जातो. दोघांची जकात ०.७ प्रमाणे १.४. उरले चार.

मग हजार मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जोडला. तो शिखरापर्यंत भरतो, म्हणून रिकामा मीटर ७.१ दाखवू लागला. टेप जोडल्यावर बरोबर सहा. आम्ही खूश. पण अब्बांच्या बोलण्यामागे भुंगा गुणगुणत होता.

मीटर सरासरी सांगतो, कानाला चढउतार ऐकू येतात. टेप २०० मिलिअँपिअर ओढत होता. ब्रिजमुळे सेकंदाला शंभर लाटा, ०.२ भागिले (१०० गुणिले ०.००१) म्हणजे दोन व्होल्टची हेलकावणी! वीजघरात रिलेंसाठी लागणारी डीसी बॅटऱ्यांतून येते. त्या भरायलाही रेक्टिफायरच, पण तिथे बॅटरीच लाटा गिळून टाकते, असं मामू म्हणाले. आमच्याकडे बॅटरी कुठली! त्यांनी चिपळूणहून २२०० चा कंडेन्सर आणला. हेलकावणी एका व्होल्टच्या आत आली, सरासरी साडेसहाच्या आसपास गेली. टेपला तेवढं चालतं.

भुंगा अगदी गेला नाही, पण शब्द स्वच्छ झाले. कॅसेटच्या शेवटी अब्बा गाणं म्हणायचा प्रयत्न करून हसले होते, ते तोवर आम्ही कुणी ऐकलंच नव्हतं. अम्मीनं मला पाणी आणायला बाहेर पाठवलं आणि कॅसेट पुन्हा मागे नेली.