लोणारचे पक्षी

टेंभुर्णीहून लोणार एका दिवसांत जाऊन येण्याजोगें आहे. तरी नातवंडांचा हट्ट पडला कीं, पक्षी पाहावयाचे तर तेथल्याच एखाद्या ‘पर्यावरणस्नेही’ विश्रामधामांत राहावें. अशा एका ठिकाणीं आम्हीं दूरध्वनीवरून विचारलें, “मोरीचें पाणी कोठें सोडतां?” उत्तर मिळालें नाहीं, आम्हीं मुक्कामाचा बेत सोडला.

हा खवचटपणा नव्हे. उल्कापातानें काळ्या पाषाणांत पडलेलें तें विवर सुमारें १.८ किलोमीटर रुंद. पाणी आंत येतें, बाहेर पडावयास वाट नाहीं; वाफ होऊन उडेल तेवढेंच. म्हणून तर तें खारट. कांठावरची घाण एकदां उतरली कीं तेथेंच राहावयाची! २०२० सालीं सरोवराची रामसर पाणथळांत गणना झाली. तेथें सुमारें १६० जातींचे पक्षी नोंदलेले आहेत. त्यांस दुसरें लोणार कोठून आणावें?

माघांतल्या एका सकाळीं आम्ही सहकुटुंब उतरलों. झाडींत मोर ओरडत होते. उथळ पाण्यांत तांबड्या लांब पायांच्या शेकाट्या फिरत होत्या. सूनबाईंनीं मुलांस घटकाभर निश्चल बसविलें. एवढी शांतता आमच्या घरीं श्राद्धाच्या पंक्तींतही नसते! टिबुकली बुडी मारी; ती वर कोठें निघेल यावर पैजा लागत, आणि आम्ही दर वेळीं हरत होतों.