डिकीतलं बायोलॉजी

बारावीनंतरची ट्रिप म्हटलं, की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तोच तो सिनेमा येतो. दोस्त, गाडी, समुद्र आणि शेवटी गळ्यात गळे! आमचीही झाली होती. मे २०१६ मध्ये. आम्ही चौघं, शेठच्या घरची तवेरा आणि चालवायला त्याचा चुलतभाऊ, कारण आमच्यात एकाकडेही पक्कं लायसन्स नव्हतं. पुण्याहून ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा करत दिवेआगर. 'सैराट' नुकताच आला होता, त्यामुळे गाडीत काय वाजत होतं ते सांगायला नकोच.

पाचवीपासूनचा आमचा ग्रुप. शेठ पुढे वडिलांच्या दुकानात बसणार होता, बाब्या इंजिनीअरिंगला, मी मास मीडियाला. आणि चौथा डॉक्टर. आठवीपासून आम्ही त्याला डॉक्टरच म्हणायचो.

डॉक्टरच्या सॅकमध्ये टॉवेलात गुंडाळलेलं एनसीईआरटीचं बायोलॉजी होतं. त्या वर्षीचा गोंधळ आठवतोय? ५ मेला सीईटी झाली आणि ९ मेला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की राज्यांच्या सीईटीवर मेडिकलचे प्रवेश नाहीत, 'नीट'च द्यायची. ती २४ जुलैला! म्हणजे स्टेट बोर्डाच्या पोरांनी अडीच महिन्यांत नवी पुस्तकं पाठ करायची. मला मात्र एवढंच दिसत होतं, की सात वर्षांचा दोस्त खिडकीशी बसून पानं उलटतोय. राग आला. खूपच.

रात्री जेवणं झाली. उकडीचे मोदक हाणून सगळे किनाऱ्यावर निघाले. डॉक्टर म्हणाला, ''तुम्ही व्हा पुढे, मी एक चॅप्टर संपवून येतो.'' तो हात धुवायला गेला, तेवढ्यात मी पुस्तक उचललं आणि डिकीत, जॅकच्या पिशवीखाली सरकवून दिलं. गंमत म्हणून. निदान मी स्वतःला तसंच सांगितलं.

तो किनाऱ्यावर आलाच नाही. आम्ही परतलो, तेव्हा ओसरीवर मोबाइलच्या उजेडात सॅक तिसऱ्यांदा रिकामी करत होता. कुणाला काही विचारलं नाही. सकाळी मीच म्हणालो, ''अरे, हे गाडीतच होतं की!'' त्याने पुस्तक घेतलं आणि पुण्यापर्यंत मांडीवर धरून बसला. वाचलं नाही. गाणीही कुणी लावली नाहीत.

२४ मेला वटहुकूम निघाला. सरकारी कॉलेजच्या जागा त्या वर्षापुरत्या सीईटीवरच. मी लगेच फोन लावला, ''बघ, उगाच ट्रिपची वाट लावलीस!'' तो ''हं'' म्हणाला. पुढे त्याला सरकारी सीट मिळाली, दुसऱ्या शहरात. ग्रुपवर वाढदिवसाचे केक तेवढे येत राहिले. कुणी विचारलं, की मी म्हणायचो, ''डॉक्टर झाला, बदलला.'' सोपं होतं ते.

गेल्या डिसेंबरात शेठच्या लग्नात आम्ही पंगतीत शेजारी बसलो. इकडचं तिकडचं झालं. मग तो सहज म्हणाला, ''त्या वर्षी बाबांची कंपनी बंद पडली होती रे. सरकारी सीट नाही मिळाली तर सरळ बीएस्सी, असं घरी ठरलं होतं.''

''मग बोलला का नाहीस?''

''कुणी विचारलं होतं?''

घास घशातच अडकला. म्हटलं, आता सांगून टाकावं. ''ते पुस्तक... मी लपवलं होतं.''

''माहितीये,'' तो म्हणाला, ''तुझ्या शर्टाला ग्रीस लागलं होतं.''

इतकी वर्षं त्याला माहीत होतं! आणि मी इतकी वर्षं त्याच्यावरच रुसून होतो. शहरं बदलली, कामं वाढली म्हणून मित्र दुरावतात, असं आपण ऑफिसातल्या चहावर एकमेकांना सांगतो. आमच्या बाबतीत ते खोटं होतं. चौघं एकाच गाडीत असतानाच मी त्याला सोडलं होतं.

परवाच्या रविवारी मी त्याला फोन केला. ड्युटीवर होता. ''नंतर करतो,'' म्हणाला. अजून आलेला नाही. पण या वेळी मी रुसणार नाहीये. येत्या रविवारी पुन्हा लावीन.