बाजारातील पाणी

बाजारात बसणाऱ्या माणसाला अन्नाची पारख नसते असे ज्याला वाटत असेल, त्याने आठवड्याच्या बाजारात मासळी विकणाऱ्या बाईसमोर घटकाभर उभे राहावे. पाटीत हात घालताच कोणता मासा ताजा आणि कोणता शिळा, हे तिच्या बोटांना कळते. कल्ला उचलून ती आतला लाल रंग दाखवते. डोळा फुगीर आहे की खोल गेला आहे, हे सांगते. आणि अंगावर बोट दाबले असता मांस पुन्हा वर येते की खळगा तसाच राहतो, हे गिऱ्हाइकालाच करून पाहायला लावते. पलीकडची भाजीवाली मेथीच्या जुड्या सैल ठेवते, कारण गच्च बांधलेली जुडी आतून तापते आणि पिवळी पडते. पाण्यात सोडलेले अंडे तरंगले तर ते जुने, हे अंडी विकणाऱ्याला कोणत्याही शाळेत शिकावे लागलेले नाही.

ही पारख पिढ्यानपिढ्या सोसलेल्या तोट्यातून आलेली आहे. नासलेला माल म्हणजे बुडालेले पैसे. तेव्हा नासके ओळखण्याची विद्या या लोकांना साधली नसती, तरच नवल! परंतु या विद्येला एक मर्यादा आहे. अन्न नासवणारे जंतू निराळे आणि माणसाला आजारी पाडणारे जंतू बहुधा निराळे. पहिले आपल्या येण्याची वर्दी देतात. वास सुटतो, बुळबुळीतपणा येतो, चव आंबते. दुसरे मुकाट्याने येतात. विषमज्वराचे किंवा पटकीचे जंतू चटणीत शिरले, तरी तिच्या रंगात, वासात वा चवीत काडीचाही फरक पडत नाही. ज्या नाकावर आणि डोळ्यांवर बाजाराचा सारा व्यवहार चालतो, ती दोन्ही इंद्रिये येथे निरुपयोगी ठरतात.

१८८४ साली रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने कलकत्त्यात पटकीच्या जंतूंचा शोध घेतला. रोग्यांच्या आतड्यांत सापडलेले जंतूच त्याला तेथील एका तळ्याच्या पाण्यातही आढळले. त्या तळ्यात लोक स्नान करीत, कपडे धूत आणि तेच पाणी पीत. पाण्याने त्यांना कसलीच सूचना दिली नव्हती.

आता भेळवाल्याच्या गाडीकडे पाहावे. सकाळी त्याने भरून आणलेली बादली दिवसभर पुरवायची असते. तिच्यात बशा बुचकळल्या जातात, चमचे विसळले जातात, प्रसंगी हातही बुडतात. खांद्यावरच्या एकाच फडक्याने सुरी, बशी आणि कपाळावरचा घाम पुसला जातो. ज्या हाताने नोट घ्यायची, त्याच हाताने कोथिंबीर भुरभुरायची. तापलेल्या तेलातून नुकताच निघालेला वडा सहसा निर्धोक असतो. भीती असते ती त्याच्या शेजारच्या कच्च्या चटणीची आणि चिरून ठेवलेल्या कांद्याची. उबेत काही जंतू दर २० मिनिटांनी दुप्पट होतात. सकाळी ९ वाजता असा एक जंतू अन्नात पडला आणि त्याला सारे अनुकूल मिळाले, तर दुपारी ३ वाजता त्याची संतती अडीच लाखांवर जाते. गणिताच्या तासाला हा हिशेब जरूर करून पाहावा!

बर्फाची कथा तर याहून मौजेची आहे. मासळी थंड राखण्याचा बर्फ आणि सरबतात घालण्याचा बर्फ दिसायला सारखेच; त्यामुळे एकाची लादी दुसऱ्याच्या गाडीवर सहज जाते. म्हणून २०१८ साली महाराष्ट्रात अखाद्य बर्फाला निळा रंग देण्याचा नियम करण्यात आला. जे डोळ्यांना दिसत नाही, ते दिसावे यासाठी शासनाला अखेर रंगाचा आश्रय घ्यावा लागला. खाद्यपदार्थ वर्तमानपत्राच्या कागदात बांधण्यासही त्याच वर्षीच्या नियमांनी मनाई केली. छपाईची शाई गरम भज्यांच्या तेलात उतरते.

इतके असूनही भेळवाल्याला अडाणी ठरवणे अन्यायाचे होईल. साबणाने हात धुवावेत की नाही, असे त्याला विचारले, तर तो प्रश्न विचारणाऱ्याकडेच आश्चर्याने पाहील. धुवावेत हे तो जाणतो. धुवायचे कोठे, हे त्याला कोणी सांगत नाही. नळ बाजाराच्या दुसऱ्या टोकाला. गाडी सोडून गेले तर गिऱ्हाईक जाते आणि मालाला राखण राहत नाही. बाजारात पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत बसणाऱ्या बायकांना कित्येक ठिकाणी साध्या आडोशाचीही सोय नसते. विषमज्वराचे जंतू माणसाच्या पोटातूनच बाहेर पडतात आणि न धुतलेल्या हातांवरून अन्नात जातात, हे ज्ञान अशा बाईला देऊन तिने त्याचे काय करावे? फेरीवाल्यांच्या उपजीविकेचे रक्षण करणारा कायदा २०१४ साली झाला. ठरवून दिलेल्या जागी सोयी पुरवाव्यात आणि विक्रेत्याने त्यांचे शुल्क भरावे, ही कल्पना त्यात आहे. अनेक बाजारांत मात्र शुल्क आधी पोहोचले आणि सोयी अजून वाटेवर आहेत.

तरीही एखादा हिकमती विक्रेता वाट काढतोच. तो झाकणाच्या पिंपाला खाली तोटी बसवून घेतो आणि तोटीखाली रिकामी बादली ठेवतो. वाहत्या धारेखाली बशी धुतली की मळके पाणी बादलीत पडते. स्वच्छ पाण्याला कोणाचा हात लागत नाही. उपाय साधा आहे, पण त्याला पाणी मात्र दुप्पट लागते. दुपारपर्यंत पिंप रिते होते. मग भेळवाल्याचा मुलगा हंडा घेऊन बाजाराच्या टोकाशी असलेल्या नळावर जातो आणि तेथील रांगेत उभा राहतो. बापाच्या खिशात त्या दिवसाच्या बाजारकराची पावती सकाळपासूनच असते.