पांढऱ्या कागदाचं देणं

आक्काचा उजवा तळवा मी कधी नितळ पाहिला नाही. साबणानं कितीही घासला तरी रेषांत आणि नखांच्या कडेला लाली उरायचीच. करमाळा तालुक्यातलं आमचं केम हे कुंकवाचं गाव. माझी आई आणि आक्का एकाच कारखान्यात कामाला होत्या. आई पाकिटं भरायची, आक्का माल पारखायची. शाळा सुटली की मी दप्तर घेऊन तिथंच जायचे आणि पोत्यांना टेकून गणितं सोडवायचे.

हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे आमच्याकडच्या पोरांना विज्ञानाच्या पुस्तकाआधीच ठाऊक असतं. पण लालमधला लाल ओळखणं ही वेगळी गोष्ट. आक्का माझ्याकडून वहीचं कोरं पान मागून घ्यायची. त्यावर चिमूटभर नवा माल, शेजारी चिमूटभर जुना. अंगठ्यानं दाबून दोन्ही पसरायची आणि पान घेऊन थेट दारात जायची. आत बल्ब असताना दारात कशाला, असं मी एकदा विचारलं.

"दिव्याखाली समदं सारखंच दिसतं, पोरी. आन कागुद कोरा पायजे. पांढरं कुठलं हे डोळ्याला आधी कळाय हवं, मग लाल कळतं."

मी ऐकलं आणि गणिताकडे वळले.

पुढे कॉलेजात असताना, २०१९च्या मार्चमध्ये आमचा संघ स्मार्ट इंडिया हॅकेथॉनच्या अंतिम फेरीला पुण्यात पोचला. केंद्र सरकारनं २०१७ साली सुरू केलेली ही स्पर्धा. सहा जणांचा संघ, त्यात किमान एक मुलगी हवीच, आणि सलग ३६ तास काम. २ तारखेला सकाळी देशभरातल्या केंद्रांवर एकाच वेळी हजारो पोरं लॅपटॉप उघडून बसली. केमच्या फलाटावरून पॅसेंजर पकडणारी मी त्या प्रचंड हॉलमध्ये बसले होते. छाती धडधडत होती आणि अभिमानही वाटत होता.

आमचं काम असं होतं: शेतकऱ्यानं डाळिंबाचा फोटो काढायचा आणि अ‍ॅपनं त्याची प्रत सांगायची. आमच्या सोलापूर जिल्ह्याचं हे पीक, म्हणून मी त्यात जीव ओतला होता. दिवसभर सगळं नीट चाललं. रात्री दोनच्या सुमाराला, सोबत आणलेल्या त्याच डाळिंबांचे ट्यूबलाइटखाली फोटो काढले, तर दुपारी पहिल्या प्रतीची ठरलेली फळं अ‍ॅप कच्ची म्हणू लागलं. पिवळ्या दिव्याखाली नेली तर आणखी तिसरंच उत्तर. शेतकरी माल भरतो तो पहाटे किंवा रात्री, शेडमधल्या मिळेल त्या उजेडात. तिथं अ‍ॅप चुकलं तर त्याचं नुकसान होणार होतं. आमच्यातला एक जण टेबलावर डोकं ठेवून रडला. मलाही काही सुचत नव्हतं.

मी एक डाळिंब उचललं आणि नकळत उठून दाराकडे निघाले. बाहेर अंधार होता. पण पाय दाराकडे का वळले ते त्याच क्षणी कळलं. परत आले, वहीचं कोरं पान फाडून टेबलावर ठेवलं आणि फळ त्याच्याशेजारी ठेवून फोटो काढला. मग प्रोग्रॅमनं आधी फक्त कागद बघायचा. कागदात लाल, हिरवा, निळा किती आलाय ते मोजायचं, कागद पुन्हा पांढरा होईल इतकी प्रत्येक रंगाची दुरुस्ती करायची, आणि तीच दुरुस्ती फळाला लावायची. पहाटे पाचपर्यंत दोन्ही दिव्यांखालची उत्तरं दुपारच्या उत्तरांशी जुळू लागली.

परीक्षकांनी विचारलं, "ही कागदाची कल्पना कुठून सुचली?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "वाचनात आलं होतं."

पहिलं बक्षीस एक लाखाचं होतं. ते दुसऱ्या संघाला गेलं. त्याचं दुःख दोन दिवसांत ओसरलं. माझं ते उत्तर मात्र अजून सलतं. आक्काला अक्षरओळख नव्हती. तिच्याकडून मिळालेलं ज्ञान मी पुस्तकाच्या नावावर खपवलं, कारण त्या हॉलमध्ये कुंकवाच्या कारखान्याचं नाव घ्यायला माझी जीभ रेटली नाही.

४ तारखेला सोमवारी गावी उतरले तेव्हा महाशिवरात्र होती. उत्तरेश्वराच्या दर्शनाला रांग लागली होती. आक्का उपवासाची, घराच्या ओट्यावर शेंगा सोलत बसलेली. मी तिच्याजवळ बसून सगळं सांगितलं, परीक्षकांना दिलेलं उत्तरसुद्धा.

तिनं शेंगा सोलणं थांबवलं नाही. बऱ्याच वेळानं विचारलं, "शेतकऱ्याला कळंल का पर, कागुद ठेवायचा ते?"

"कळेल. पडद्यावर चित्रच दाखवलंय."

"रेघांचा नको म्हणावं. रेघांच्या कागदानं मला बी फसायला व्हतं."

आम्ही रेघांच्या कागदाचा विचारच केला नव्हता. हॅकेथॉनमध्ये मिळालेली कोऱ्या पानांची वही माझ्या पिशवीत होती. ती मी तिच्या मांडीवर ठेवली. तिनं पदराला हात पुसले, एक पान उजेडाकडे धरून पाहिलं आणि वही आत फडताळात, पिठाच्या डब्यामागे नेऊन ठेवली.